ऑटोमॅटिकची मॅन्युअल केली. आता गाडी ओढत नाही, बरी होते आणि पुन्हा तेच

गिअरबॉक्स बदलून गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आणली तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. पहिले दहा-बारा किलोमीटर ती हवी तशी पळाली. मग चेक इंजिनचा दिवा लागला आणि मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी झाली. पूर्ण रेस दिली तरी आरपीएम ४,००० च्या वर जाईना. बाजूला घेतली, चावी बंद केली, दोन मिनिटांनी स्टार्ट केली तर सगळं ठीक. आणखी दहा-बारा किलोमीटर गेलो, पुन्हा तेच. पुढच्या काही आठवड्यांत मी गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड पुसले, बॅटरी काढून ठेवली, एअर फिल्टर आणि प्लग बदलले, इंधनाचा दाब मोजला. दर वेळी गाडी थोडी बरी व्हायची आणि दर वेळी वाटायचं, सापडलं एकदाचं.

प्रत्यक्षात गाडीत दोन वेगळे दोष होते आणि दोघांचं लक्षण एकच होतं: पिकअप गेला. एक दोष वायरिंगमधला, दुसरा पेडलमधला. एक दुरुस्त केला की दुसरा पुढे यायचा, म्हणून मला वाटायचं की पहिलाच परत आला. हे लिहितोय ते अशाच चक्रात अडकलेल्यांसाठी.

गाडी कशाने बरी होते ते आधी पाहा

ताकद केव्हा जाते ते सगळेच सांगतात. ती परत कशाने येते, ते फार कमी जण पाहतात, आणि खरी खूण तिथेच असते. चावी बंद-चालू केल्यावर लगेच ताकद परत येत असेल, तर इंजिनात ताकद आहे. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ती द्यायला तयार नाही. चावीने काहीच फरक पडत नसेल पण अर्धा तास उभी ठेवल्यावर गाडी मोकळी होत असेल, तर काहीतरी तापून फुगतंय किंवा घसरतंय, म्हणजे क्लच किंवा ब्रेक. चावीनेही नाही आणि थंड होऊनही नाही, पहिल्या मिनिटापासून गाडी सुस्तच आहे, तर जोडणीत कुठेतरी चूक राहिली आहे किंवा गिअरचं गणितच बदललं आहे.

स्कॅनर (कोड वाचायचं यंत्र) लावण्याआधी दोन-तीन फेऱ्यांत एवढी एक गोष्ट कागदावर लिहून काढा. मी ती लिहिली असती तर निम्मे सुटे भाग विकत घ्यावे लागले नसते.

ताकद खरंच गेली आहे का?

हा प्रश्न कुणाला आवडत नाही, मलाही आवडला नव्हता. पण टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेला तेलाचा जोड) निघाला की गाडी सुटतानाचा जोर कमी होतोच, आणि तो दोष नव्हे. गाडी जागेवरून हलताना कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण १.८ ते २.५ पट करतो. उदाहरणादाखल आकडे धरू. ऑटोमॅटिकचा पहिला गिअर २.८, फायनल ड्राइव्ह (चाकांआधीची शेवटची गिअरजोडी) ३.९ आणि कन्व्हर्टरची वाढ २ पट. गुणाकार होतो सुमारे २१.८. मॅन्युअलचा पहिला गिअर ३.५ आणि फायनल तोच ३.९ असेल तर गुणाकार १३.६५. म्हणजे सुटण्याच्या क्षणी चाकाला जवळपास ३७ टक्के कमी टॉर्क. शिवाय कन्व्हर्टर इंजिनाला लगेच दोन हजारांच्या पुढे जाऊ द्यायचा, आता ते काम तुमच्या पायाचं आहे.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत आणखी एक गोष्ट राहून जाते. पुढच्या चाकांच्या गाडीत फायनल ड्राइव्ह गिअरबॉक्सच्या पोटातच असतो, त्यामुळे तो नव्या बॉक्सबरोबर येतो. मागच्या चाकांच्या गाडीत तो मागच्या एक्सलमध्ये असतो आणि ऑटोमॅटिकचाच राहतो. कन्व्हर्टरच्या भरवशावर कंपनीने तिथे ३.१ सारखा गुणोत्तर दिला असेल आणि त्याच गाडीच्या मॅन्युअल आवृत्तीत ३.७ असेल, तर तुमची गाडी प्रत्येक गिअरमध्ये सुमारे १६ टक्के कमी ओढणार. कितीही ट्यूनिंग करा, क्राउन-पिनियन (एक्सलमधली ती गिअरजोडी) बदलल्याशिवाय ते भरून निघत नाही.

पण सुटल्यानंतर, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मध्यम आरपीएमला, गाडी आधीइतकी किंवा थोडी जास्तच जोरकस वाटली पाहिजे, कारण मॅन्युअल बॉक्समध्ये ताकद कमी वाया जाते. तिथेही गाडी मार खात असेल तर पुढे वाचा.

चावी बंद करून बरी होत असेल तर

गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे दोष दिसल्यावर ताकद मुद्दाम कापून चालण्याच्या अवस्थेत, जाते आहे. यावर जरा विस्ताराने लिहितो, कारण २००० नंतरच्या बहुतेक गाड्यांत मूळ इथेच सापडतं.

ऑटोमॅटिक गाडीच्या ईसीएमला गिअरबॉक्सकडून सतत माहिती हवी असते: लिव्हर कुठे आहे, आत येणारा शाफ्ट किती फिरतोय, बाहेर जाणारा किती, सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या झडपा) जागेवर आहेत का. बॉक्स काढला की हे सगळे आवाज एकदम बंद होतात. ईसीएमला मॅन्युअल लावल्याचं ठाऊक नसतं. त्याच्या दृष्टीने ऑटोमॅटिक बॉक्स मोडला आहे. मग तो बॉक्स वाचवण्यासाठी थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) आवरतो.

स्कॅनरवर सहसा दिसणारे कोड असे. पी०७०० म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूने तक्रार आहे, एवढंच. पी०७०५ आणि पी०७०६ लिव्हरच्या जागेच्या स्विचचे. पी०७१५ आणि पी०७२० आत-बाहेरच्या स्पीड सेन्सरचे. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. यू०१०१ म्हणजे टीसीएमशी (गिअरबॉक्सच्या संगणकाशी) बोलणं तुटलं. पी०५०० म्हणजे गाडीचा वेगच कळत नाही.

कोड पुसल्यावर गाडी काही किलोमीटर नीट का चालते? वायर तुटली आहे का, हे ईसीएम चावी लावताच तपासतो. पण ‘ही माहिती खरी वाटते का’ ही दुसरी तपासणी ठराविक वेगाला, ठराविक वेळ गाडी चालल्यावरच होते. काही कोड तर सलग दोन फेऱ्यांत चूक दिसल्यावरच दिवा लावतात. म्हणून कोड पुसणं आणि बॅटरी काढणं ही दुरुस्ती वाटते; खरं तर तेवढा वेळ तपासणी झालेलीच नसते. सोलेनॉइडच्या जागी रेझिस्टर लावून फसवण्याची युक्तीही याच कारणाने फसते. वायरचा कोड शांत होतो, मग दोन्ही शाफ्टचा वेग जुळत नाही म्हणून पी०७३० येतो. मी तो प्रयोग केला आहे आणि कुणाला सुचवणार नाही.

माझा पहिला दोष मात्र याहून साधा होता. ऑटोमॅटिक गाडी फक्त पार्क किंवा न्यूट्रलमध्येच स्टार्ट होते. बॉक्सबरोबर तो स्विच गेला, स्टार्टर फिरेना, म्हणून मी त्या दोन वायर कायमच्या जोडून टाकल्या. बहुतेक जण हेच करतात. गाडी स्टार्ट झाली, प्रश्न मिटला असं वाटलं. पण त्याच जोडणीतून ईसीएमलाही न्यूट्रलचा संदेश जात होता. म्हणजे गाडी ताशी ८० किलोमीटरने धावतेय आणि ईसीएमच्या हिशेबी ती न्यूट्रलमध्ये उभी आहे. अनेक गाड्यांत न्यूट्रलमध्ये आरपीएमची मर्यादा मुद्दाम खाली ठेवलेली असते, टायमिंगही वेगळं असतं. माझ्या ईसीएमने काही किलोमीटर वाट पाहिली, वेग आणि न्यूट्रल एकत्र कसे, हे त्याला पटलं नाही आणि त्याने दोष नोंदवून ताकद कापली.

तपासायला पाच मिनिटं लागतात. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात गिअरची जागा पाहा. गाडी चालू असताना तिथे कायम ‘पी’ किंवा ‘एन’ दिसत असेल तर शोध संपला. दुरुस्तीसाठी वायरिंगचा नकाशा समोर ठेवून दोन कामं वेगळी करा. स्टार्टरच्या वायर क्लच पेडलच्या स्विचमधून न्या, म्हणजे क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरणार नाही. सुरक्षेसाठीही ते हवंच. गिअरमध्ये असलेली गाडी चावी फिरवताच उडी मारते. आणि ईसीएमकडे जाणारी बारीक वायर मॅन्युअल बॉक्सवरच्या न्यूट्रल स्विचला जोडा, म्हणजे गिअर पडला की न्यूट्रलचा संदेश बंद होईल.

कॅनवर (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या सामाईक वायरींवर) चालणाऱ्या नव्या गाड्यांत एवढ्याने भागत नाही. तिथे मॅन्युअल आवृत्तीचा ईसीएम बसवणं किंवा आहे त्या ईसीएमचं कोडिंग मॅन्युअलला बदलून घेणं हाच टिकाऊ मार्ग. ईसीएम बदलला तर इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) चावीशी जुळवून घ्यावा लागतो, आणि इंजिनाचा प्रकार अगदी तोच असल्याची खात्री करावी लागते. वेगाचा संदेश कुठून येणार हेही आधी ठरवा. जुन्या बॉक्सवरच्या सेन्सरचे एका फेरीतले ठोके आणि नव्यावरचे ठोके वेगळे असू शकतात. मग स्पीडोमीटर खोटं बोलतो आणि ईसीएमही त्याच खोट्या वेगावर चालतो.

याच गटात दोन पेडल स्विच येतात. थ्रॉटलला केबल नसलेल्या गाड्यांत ब्रेक आणि रेस एकदम दाबले गेले तर ईसीएम रेस मानत नाही. क्लच पेडलसाठी पेडल बॉक्स (पेडलांचा सांगाडा) बदलताना ब्रेकचा स्विच दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाला की खड्ड्यात गाडी हादरताच क्षणभर ‘ब्रेक दाबला’ असा संदेश जातो आणि ताकद जाते. मागचा दिवा नीट लागतो म्हणजे स्विच ठीक, असं समजू नका. बऱ्याच स्विचमध्ये दोन वेगळे संपर्क असतात, एक दिव्याचा आणि एक ईसीएमचा. दोघांचं जुळलं नाही तर पी०५०४ येतो. क्लचचा स्विच अडकला तरी तसंच, तिथे पी०७०४ शोधा.

थंड झाल्यावर बरी होत असेल तर

वायरिंग सुधारल्यावर माझी गाडी आठवडाभर छान चालली. मग गर्दीत वीस-पंचवीस मिनिटं चालल्यावर हळूहळू जड होऊ लागली. या वेळी दिवा नाही, कोड नाही, चावी बंद करून उपयोग नाही. आणि मी मात्र पुन्हा वायरिंगच उकरत बसलो.

पुढच्या एका चाकाला पाणी लावलं तेव्हा चर्र आवाज झाला, तेव्हा उलगडलं. ब्रेक धरलेले होते. पेडल बॉक्स बदलताना बूस्टरकडे (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याकडे) जाणारा पुशरॉड किंचित लांब बसला होता. पेडल पूर्ण मोकळं दिसत होतं, पण मास्टर सिलिंडरचा (ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या नळकांड्याचा) पिस्टन शेवटपर्यंत मागे येत नव्हता. त्यामुळे तेल टाकीत परतायचं छिद्र बंद राहायचं. ब्रेक दोन-चार वेळा वापरले की तेल तापून फुगतं, त्याला जायला वाट नसते, आणि पॅड आपोआप दाबले जातात. पॅड घासले की आणखी उष्णता, आणखी दाब. थंड झालं की सगळं सुटतं.

खात्री अशी करा. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडण्या लावा. गाडी जड झालेल्या अवस्थेत जॅकवर चाक उचलून हाताने फिरवा. फिरत नसेल तर मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे नट दोन आटे सैल करा. चाक लगेच मोकळं झालं तर पुशरॉड लांब आहे. त्या ठिकाणी चाक सुटलं नाही आणि कॅलिपरचा ब्लीड स्क्रू उघडल्यावर सुटलं, तर होज किंवा वाटेतला अडथळा पाहा. तपासणी झाली की नट ठरलेल्या टॉर्कने घट्ट करायला विसरू नका, आणि सैल नटांवर गाडी हलवायचीसुद्धा नाही. पुशरॉड आत घेतल्यावर पेडलला काही मिलिमीटर मोकळा खेळ राहिला पाहिजे.

हीच कथा क्लचच्या हायड्रॉलिकमध्ये घडते, तिथे परिणाम वेगळा दिसतो. मास्टर सिलिंडरचा पुशरॉड लांब असेल तर दाब उरतो, रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटवर टेकून राहतं आणि तापल्यावर क्लच घसरतो. इंजिन ओरडतं, गाडी जात नाही. क्लच घसरत असतानाच स्लेव्ह सिलिंडरचा (गिअरबॉक्सकडच्या सिलिंडरचा) ब्लीडर, म्हणजे तेल काढायचा स्क्रू, क्षणभर उघडा: पेडलला हात न लावता तेल जोरात उडालं आणि घसरणं थांबलं, तर नवी क्लचप्लेट घेण्याची गरज नाही.

घसरतोय की नाही हे कानावर सोडू नका, मोजा. ज्या गिअरचं गुणोत्तर १ आहे त्यात (पुष्कळ बॉक्समध्ये चौथा) मोकळ्या रस्त्यावर आरपीएम पाहा, वेग मात्र जीपीएसचा घ्या. १९५/६५ आर १५ टायरचा घेर सुमारे १.९९ मीटर. ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ८३७ फेऱ्या मारतं. फायनल ४.१ असेल तर इंजिन सुमारे ३,४३० वर हवं. टायर वजनाने थोडा बसतो म्हणून शंभरेक आरपीएम जास्त दिसले तर चालेल. पण ठराविक वेगाला हलक्या रेसवर ३,५०० आणि पूर्ण रेस देताच ३,९००, तर क्लच घसरतोय, दुसरं काही नाही. क्लच नवा असेल तर पहिले काही शे किलोमीटर शहरात सावकाश चालवून तो बसू द्यायला हवा. त्यानंतरही घसरला तर बॉक्स उतरवून पाहावं लागतं: मागच्या क्रँक सीलचं तेल प्लेटवर आलंय का, फ्लायव्हीलला पायरी असून ती न राखता घासलंय का, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकाच संचाचे आहेत का.

कशानेच फरक पडत नसेल तर

सर्वांत आधी थ्रॉटल. एकाला आत बसवून पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि बॉनेट उघडून पाहा. ऑटोमॅटिकची किकडाउन केबल (पूर्ण रेसवर गिअर खाली उतरवणारी) काढताना तिचा ब्रॅकेट राहतो, किंवा नव्या पेडलला गालिचा आडवा येतो, आणि थ्रॉटल पाऊणच उघडतो. केबल नसेल तर स्कॅनरवर थ्रॉटलची टक्केवारी पाहा.

मग हवा. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये, उदाहरणार्थ टीएच३५० मध्ये, व्हॅक्यूम मॉड्युलेटरला इनटेकमधून नळी यायची. बॉक्स गेला, नळी उघडी राहिली, तर इंजिन बाहेरची हवा ओढतं. फ्युएल ट्रिम (ईसीएमने इंधनात केलेली वाढ-घट) अधिक १० टक्क्यांच्या पलीकडे दिसला तर कुठे गळती आहे ते शोधाच.

बॉक्स उतरवताना एक्झॉस्ट लोंबकळत ठेवलेला असतो. ऑक्सिजन सेन्सरची वायर ताणली जाते, कधी पुढचा-मागचा कनेक्टर अदलाबदल होतो, कधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधली (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यातली) जाळी फुटून वाट अडवते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी दाबमापक लावून २,५०० आरपीएमला पाहा; ३ पीएसआयच्या वर दाब असेल तर एक्झॉस्ट तुंबला आहे.

अर्थ वायर ही विसरली जाणारी खास गोष्ट. बॉक्सपासून बॉडीपर्यंतची जाड पट्टी परत लावली गेली नाही तर सेन्सरचे आकडे हलतात आणि इंधन पंपाला पूर्ण व्होल्ट मिळत नाहीत. स्टार्टर फिरत असताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यात मल्टिमीटर धरा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थ खराब.

फ्लायव्हीलवर थांबावं लागेल, कारण तिथली चूक बॉक्स बसल्यावर दिसत नाही. काही इंजिनांत क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरचे दाते किंवा खाचा वाचतो. जीपच्या जुन्या ४.० लिटर इंजिनात तो सेन्सर बेलहाउसिंगवरच (क्लचभोवतीच्या आवरणावर) असतो आणि ऑटोमॅटिक-मॅन्युअलचा वेगळा. दाते जुळत नसतील तर इंजिन सहसा सुरूच होत नाही, पण फ्लायव्हील चुकीच्या कोनात बसलं तर सुरू होतं आणि टायमिंग चुकतं. दुसरी गोष्ट तोलाची. फोर्डच्या ३०२ इंजिनाला सुरुवातीच्या वर्षांत २८ औंसाच्या असमतोलाचं फ्लायव्हील लागायचं, १९८० च्या दशकात ते ५० औंसाचं झालं. चुकीचं बसवलं तर इंजिन थरथरतं. नॉक सेन्सर (इंजिनातला अवेळी स्फोटाचा ठोका ओळखणारा) असलेल्या इंजिनात अशी थरथर नॉक समजली जाऊ शकते. मग ईसीएम टायमिंग मागे घेतो आणि गाडी सुस्त होते, तेही कोडशिवाय. चांगलं इंधन असूनही भाराखाली टायमिंग अ‍ॅडव्हान्स सारखा खाली येताना दिसला तर हे मनात ठेवा. बॉक्स उघडलाच असेल तर पायलट बेअरिंगही (बॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकमध्ये धरणारं) पाहा. ऑटोमॅटिकच्या क्रँकमध्ये ते सहसा नसतं, आठवणीने बसवावं लागतं.

बॉक्समधलं तेल जाड असल्याने ताकद गेली असं पुष्कळदा ऐकू येतं. थंडीत गिअर जड पडतील, पण एवढा पिकअप त्याने जात नाही.

दुरुस्ती टिकली का

कोड गेला म्हणून गाडी सोडू नका. मी शेवटी असं केलं: स्कॅनरवर गिअरची जागा, वेग, आरपीएम, थ्रॉटल, टायमिंग आणि ब्रेक स्विच यांची नोंद चालू ठेवली आणि पाऊण तास गाडी चालवली, आधी गर्दीत, मग मोकळ्या रस्त्यावर, मग लांब चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेसवर. उतरल्यावर लगेच चारही चाकांजवळ तळहात नेला, रिमला न लावता. पुढची दोन चाकं सारखी गरम, मागची दोन सारखी कोमट. मग गाडी रात्रभर थंड होऊ दिली आणि दुसऱ्या दिवशी तीच फेरी पुन्हा केली, कारण काही कोडना दुसरी फेरी लागते. पेंडिंग कोडचं (अजून दिवा न लावलेल्या दोषांचं) पान दोन्ही दिवस रिकामं राहिलं, तेव्हा गाडीच्या आतली झाकणं परत बसवली.